फाल्गुन ते वैशाख : दिनविशेषाच्या फळ्यावर नेमकी कोणती तारीख लिहावी?

खडू_डस्टर (धागाकर्ता)

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या दारात एक फळा आहे आणि त्यावर रोज सकाळी दिनविशेष लिहिण्याचे काम गेली आठ वर्षे माझ्याकडे आहे. वर्षातील इतर महिने निभावून जातात, परंतु फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत माझी खरी परीक्षा असते. या अडीच-तीन महिन्यांत जयंत्या, पुण्यतिथ्या आणि ‘पहिले’ म्हणून मिरवणारे प्रसंग इतके दाटीवाटीने येतात की काय लिहावे यापेक्षा काय गाळावे हाच प्रश्न पडतो. पळस फुलला की माझा खडू झिजू लागतो, असे आमच्या ग्रंथपाल बाई गमतीने म्हणतात.

यंदा मात्र वेगळीच अडचण उभी राहिली. ३ एप्रिलला मी ‘छत्रपती शिवाजी महाराज पुण्यतिथी (१६८०)’ असे लिहिले. दुपारी एका निवृत्त शिक्षकांनी मला बोलावून विचारले, ‘पुण्यतिथी म्हणता, मग ती तिथीने का नाही? आणि तारखेनेच लिहायची असेल, तर ही तारीख कोणत्या कॅलेंडरची?’ मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन माझी वही उघडली, तेव्हा लक्षात आले की त्यातील निम्म्या नोंदी मी दुसऱ्या यादीवरून उतरवून घेतल्या आहेत, त्या यादीने तिसऱ्या यादीवरून, आणि ती तारीख मुळात कोणी, कशावरून ठरवली हे कोठेच लिहिलेले नाही. या धाग्यावर निव्वळ यादी नको आहे, याद्या मुबलक आहेत. वसंतातील एखादी तारीख आपल्यापर्यंत कशी पोहोचली हे ज्यांना नीट माहीत असेल त्यांनी लिहावे, ही विनंती.

मोडीवाचक

उत्तम विषय. शिवजन्माच्या तिथीपासून आरंभ करतो, कारण तारखेचा शोध म्हणजे काय याचा तो आपल्याकडील सर्वांत चांगला नमुना आहे.

जुन्या बखरींच्या आधारे पूर्वी शिवजन्म वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे एप्रिल १६२७, असा मानला जात असे आणि शिवजयंतीचे उत्सव वैशाखात होत. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे शकवार केलेली घटनांची नोंद, प्रसिद्ध केली. भोर परिसरातील कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात जपलेल्या या शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी नोंद आहे. पुढे कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ उजेडात आले आणि त्यातही फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ हीच तिथी मिळाली. राजस्थानात सापडलेल्या एका कुंडलीनेही तिला दुजोरा दिला. एकमेकांशी संबंध नसलेली साधने एकाच दिवसाकडे बोट दाखवतात, तेव्हा इतिहासकाराला बळ येते.

तरीही वाद मिटला नाही. १९६६ साली राज्य शासनाने इतिहासतज्ज्ञांची समिती नेमली, तिच्यातही एकमत झाले नाही. शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली ती बऱ्याच नंतर. ज्या पिढीने लहानपणी वैशाखात मिरवणुका पाहिल्या, तिला फेब्रुवारीतील सुट्टीची सवय व्हायला वेळ लागला, हे मी माझ्याच घरात पाहिले आहे.

एक सूचना फळ्यासाठी. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन निघतो, असे शाळेत शिकवतात. शक पाडव्याला बदलतो, इंग्रजी वर्ष मात्र जानेवारीत बदलते. म्हणून पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतच्या नोंदींना ७९ मिळवावे लागतात. शके १५५१ च्या फाल्गुनाला ७८ मिळवून १६२९ लिहिलेले मी छापील पुस्तकांतही पाहिले आहे. वसंतातील तारखांचा हा हमखास खड्डा आहे.

घटिका_पळे

मोडीवाचक यांनी वाराचा उल्लेख केला हे फार बरे झाले, कारण वार हा तारखेचा साक्षीदार असतो.

शिक्षक महोदयांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की १९ फेब्रुवारी १६३० आणि ३ एप्रिल १६८० या दोन्ही तारखा जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीच्या आहेत. इंग्लंडने १७५२ पर्यंत तीच पद्धत पाळली. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारींतील पत्रांवर जुन्या पद्धतीच्या तारखा असल्यामुळे आपल्या इतिहासकारांनीही १७५२ पूर्वीच्या घटनांना त्याच वापरल्या. सतराव्या शतकात दोन्ही पद्धतींत १० दिवसांचे अंतर होते. आजच्या कॅलेंडरप्रमाणे शिवजन्म १ मार्च १६३० रोजी येतो आणि महाराजांचे निधन १३ एप्रिल १६८० रोजी. या आजच्या, म्हणजे ग्रेगोरियन, कॅलेंडरचे वार दर ४०० वर्षांनी जसेच्या तसे परत येतात. ज्याला पडताळा घ्यायचा असेल त्याने २०३० सालचे कॅलेंडर काढून १ मार्चचा वार पाहावा. तो शुक्रवार आहे, म्हणजे शकावलीतील वार अचूक बसतो. कारी गावच्या देशमुखाच्या दप्तरातील एक शब्द चारशे वर्षांनी असा पटतो, तेव्हा माझ्यासारख्या गणिताच्या माणसाला भरून येते.

हाच नियम इतर नोंदींनाही लावावा. संभाजी महाराजांची हत्या ११ मार्च १६८९ रोजी झाली असे आपण लिहितो, ती नव्या पद्धतीने २१ मार्च होते आणि तिथी फाल्गुन अमावास्या, म्हणजे पाडव्याच्या आदला दिवस. थोरल्या बाजीरावांचे निधन २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडी येथे झाले. तोवर अंतर ११ दिवसांचे झाले होते, म्हणून नव्या पद्धतीने ती तारीख ९ मे. तिथी वैशाख शुद्ध त्रयोदशी.

तिथीने साजरे करणे अधिक शुद्ध, असा आग्रह धरणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. तिथीची शिवजयंती २०२३ मध्ये १० मार्चला, २०२४ मध्ये २८ मार्चला आणि २०२५ मध्ये १७ मार्चला आली. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे पुढची तिथी अशी उडी मारून पुढे गेली. शिवाय आपले पंचांग निरयन, म्हणजे ऋतूंऐवजी स्थिर ताऱ्यांवरून मोजणारे, असल्यामुळे सगळ्याच तिथी ऋतूंच्या तुलनेत साधारण ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. म्हणजे तिथी चंद्राशी प्रामाणिक राहते, सूर्याशी नाही. तारखेचे याच्या उलट आहे.

खडू_डस्टर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पुढच्या वर्षी ३ एप्रिल ही नोंद ‘जुन्या पद्धतीने’ असे दोन शब्द जोडून लिहीन आणि चैत्र पौर्णिमेला पुन्हा लिहीन. रायगडावरचा कार्यक्रम त्या तिथीलाच, हनुमान जयंतीच्या दिवशी असतो, हे मला ठाऊक होते, पण दोन्हींचा सांधा जुळवण्याचे कधी सुचले नाही.

आता माझ्या वहीतील दुसरी अडचण. ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटासाठी माझ्याकडे २१ एप्रिल १९१३ आणि ३ मे १९१३ अशा दोन तारखा आहेत. यांपैकी खरी कोणती?

गिरगावचा_जुना_रहिवासी

दोन्ही खऱ्या आहेत. २१ एप्रिलला मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मेपासून गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तिकीट काढून येणाऱ्या लोकांसाठी. प्रतिष्ठितांनी पाहिला तो दिवस धरायचा की जनतेने पाहिला तो, हा तुमचा निर्णय आहे. माझे मत विचाराल तर ३ मे, कारण चित्रपट ही तिकीटखिडकीची कला आहे. स्वतः दादासाहेब फाळके ३० एप्रिल १८७० चे, त्र्यंबकेश्वरचे. म्हणजे त्यांचा वाढदिवस या दोन खेळांच्या मध्ये येतो.

परंतु ‘पहिला भारतीय चित्रपट’ असे लिहाल तर सांभाळून लिहा. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी, सुमारे वर्षभर आधी, त्याच कॉरोनेशनमध्ये दाखवला गेला होता. त्याला पहिलेपणाचा मान का देत नाहीत, तर तो रंगमंचावरील नाटकाचे स्थिर कॅमेऱ्याने केलेले चित्रण होते, छायाचित्रण परदेशी माणसाने केले आणि फिल्मवरील प्रक्रिया लंडनला झाली. हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. मात्र तो युक्तिवाद आहे, हे विसरू नये. ‘पहिला पूर्ण लांबीचा कथापट’ असे लिहिलेत तर दोन्ही दादासाहेबांचा मान राहतो.

आणि गिरगावचा आणखी एक वसंत राहून जाऊ नये. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक सिनेमात अर्देशिर इराणींचा ‘आलम आरा’ लागला आणि पडदा बोलू लागला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. मागे उरली आहेत ती काही छायाचित्रे आणि ही तारीख.

सांधेवाला

‘पहिले’ या शब्दाविषयी गिरगावकर यांनी दिलेला इशारा रेल्वेलाही लागू आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याकडे गाडी निघाली, तिला १४ डबे होते, सुमारे ४०० निमंत्रित होते, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने होती, २१ तोफांची सलामी झाली आणि ३४ किलोमीटरचे अंतर तिने कापले. हे सगळे खरे आहे. मात्र ही भारतातील पहिली प्रवासी रेल्वे होय. मद्रासजवळ रेड हिल्स येथे १८३७ मध्येच रुळांवरून दगडांची वाहतूक झाली होती आणि रुरकीजवळ सोलानी नदीवरील कालव्याच्या बांधकामासाठी १८५१ मध्ये वाफेचे इंजिन धावले होते. आपल्या फळ्यावर ‘प्रवासी’ हा एक शब्द वाढवल्याने ठाणेकरांचा अभिमान तसूभरही कमी होणार नाही.

नीलमोहर

माझा एक नम्र आक्षेप आहे. ऐतिहासिक घटनांच्या बरोबरीने खेळाडू आणि कलावंत यांचे वाढदिवस फळ्यावर लिहावेत का? वाचनालयाच्या फळ्याला काही भारदस्तपणा असावा, असे वाटते.

एक_जूनवाली

नीलमोहर, मला नेमके उलटे वाटते. वाढदिवस ही तारखांमधील सर्वांत माणसाळलेली तारीख आहे. माझ्या आयडीचे कारण सांगते. माझ्या वडिलांचा, दोन्ही काकांचा आणि आत्याचा कागदोपत्री वाढदिवस १ जून आहे. त्यांचे आईवडील शेतकरी होते. मूल ‘पाऊस लागला तेव्हा’ किंवा ‘शिमग्याच्या आसपास’ झाले एवढेच त्यांना सांगता येई. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून गुरुजी वय पुरे भरेल अशा बेताने १ जून लिहून टाकत. माझी आजी म्हणायची की थोरला होळीची राख गरम असताना झाला, म्हणजे वडील बहुधा वसंतातलेच. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत अशा किती माणसांचे वसंत त्या एका तारखेने पुसले असतील! म्हणूनच ज्यांची जन्मतारीख नक्की ठाऊक आहे, त्यांची ती लिहावी असे मला वाटते.

आणि भारदस्तपणाचे म्हणाल, तर ८ एप्रिलला कुमार गंधर्वांचा जन्मदिवस येतो. ते १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले. २ मे १९२० ही वसंतराव देशपांडे यांची जन्मतारीख. १ एप्रिल १९४१ ही अजित वाडेकरांची. १९७१ साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही ठिकाणी त्यांच्या मैदानांवर मालिका जिंकून आणणाऱ्या कर्णधाराचा जन्म एप्रिल फूलच्या दिवशी व्हावा, यातील गंमत शाळकरी वाचकांना नक्कीच आवडेल.

घटिका_पळे

वाढदिवसाच्या बाजूने माझेही मत नोंदवतो, आणि त्यासाठी फक्त २४ एप्रिल ही एक तारीख पुढे करतो. १९७३ साली या दिवशी मुंबईत सचिन तेंडुलकर जन्मला. मराठीचे प्राध्यापक आणि कवी असलेल्या रमेश तेंडुलकरांनी त्याचे नाव सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवले. १९९८ साली शारजात त्याने २२ एप्रिलला १४३ धावा केल्या, मध्येच वाळूचे वादळ येऊन गेले, भारत तो सामना हरला पण अंतिम फेरीत पोहोचला. दोन दिवसांनी, आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी, त्याने १३४ धावा करून अंतिम सामना जिंकून दिला. त्या रात्री आमच्या चाळीत कोणी झोपले नव्हते. याच २४ एप्रिलला १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ मंगेशकर पुण्यात गेले. गोव्यातील मंगेशीचा हा गायक नट गेला तेव्हा केवळ ४१ वर्षांचा होता. आणि १९९३ साली याच दिवशी ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली, ज्यामुळे आपल्या ग्रामपंचायतींना घटनात्मक आधार मिळाला. एका ओळीत क्रिकेट, एका ओळीत नाट्यसंगीत, एका ओळीत गावकारभार. वाचनालयाला याहून शोभणारा फळा कोणता?

नीलमोहर

शारजाचा उल्लेख करून तुम्ही मला निरुत्तर केलेत. आक्षेप मागे घेते.

मोडीवाचक

तारीख ‘ठरते’ कशी याचे आणखी एक, जरा काळीज चिरणारे उदाहरण नोंदवतो. भगतसिंग, सुखदेव आणि खेडचे शिवराम हरी राजगुरू यांच्या फाशीचा दिवस २४ मार्च १९३१ असा मुक्रर झाला होता. लाहोरच्या तुरुंगात ती शिक्षा आदल्या संध्याकाळीच, २३ मार्चला, उरकण्यात आली. आपण शहीद दिन २३ मार्चला पाळतो, तो सरकारने केलेल्या या घाईमुळे. खेडचे पुढे राजगुरुनगर झाले. फळ्यावर एक जादा ओळ मावत असेल तर ही घाईही लिहावी.

तसाच १८ एप्रिल. १८५८ साली त्या दिवशी धोंडो केशव कर्वे जन्मले आणि बरोबर वर्षाने, १८५९ साली, येवल्याच्या तात्या टोपे यांना शिप्री येथे फाशी देण्यात आले. फाशी गेलेली व्यक्ती तात्या नव्हतेच असे मानणाऱ्यांचाही एक पक्ष आहे, पण सरकारी नोंद ही अशी आहे. कर्वे १०४ वर्षे जगले आणि १९५८ साली, शंभरी भरली त्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. सत्तावनच्या उठावाची शेवटची धग आणि स्वतंत्र भारताचा सर्वोच्च सन्मान एका आयुष्याच्या दोन टोकांना आले.

गोदीवाला

१४ एप्रिलविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. त्या दिवशी फळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव सर्वांत वर असते आणि ते तसेच असायला हवे. १८९१ ची महूची ती नोंद. मात्र जयंती साजरी करण्याची प्रथाही कोणीतरी सुरू केलेली असते. पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी १९२८ साली, बाबासाहेब हयात असतानाच, तिचा आरंभ केला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह (२० मार्च १९२७) होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. ११ एप्रिल ही महात्मा फुले यांची जयंती, म्हणून आमच्या वस्तीत ११ पासून १४ पर्यंत व्याख्याने चालतात.

माझे आजोबा गोदी कामगार होते आणि आमच्या घरात १४ एप्रिलला आणखी एक आठवण निघते. १९४४ साली त्या दिवशी दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. त्याच्या पोटात कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकाच वेळी भरलेली होती, वर सोन्याच्या विटाही होत्या. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. युद्धकाळ असल्यामुळे बातमी दाबली गेली, पण हादरा शहरभर बसला होता. आजोबा त्या दिवशी रात्रपाळीला होते, म्हणून दुपारी घरी होते. मी हे लिहितो आहे ते त्यामुळे.

अटलांटिकपार

न्यू जर्सीहून लिहितो आहे. येथे आम्हाला तिथीचा तिढा आणखी एका बाजूने पडतो. तिथी सूर्योदयाला कोणती आहे यावर दिवस ठरतो आणि आमचा सूर्योदय तुमच्यानंतर साडेनऊ-दहा तासांनी होतो. त्यामुळे एखाद्या वर्षी मुंबईचा पाडवा आणि आमचा पाडवा यांत एका दिवसाचा फरक पडतो. व्यवहारात मंडळाचे सगळेच सण शनिवारी-रविवारी होतात, म्हणून या प्रश्नावर भांडण होत नाही. शाळेचा हॉल ज्या शनिवारी रिकामा, ती आमची तिथी.

घटिका_पळे

अटलांटिकपार, तुमच्या पद्धतीला शासकीय आधार मिळणे कठीण आहे, पण हा गोंधळ सोडवण्याचा एक प्रयत्न वसंतातच झाला होता. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ या दिवशी, भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. तिच्यात तिथी नाहीत, महिने सौर आहेत आणि वर्ष वसंतसंपातानंतरच्या, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात त्याच्या दुसऱ्या, दिवशी सुरू होते. शास्त्रीयदृष्ट्या ती निर्दोष आहे. राजपत्रावर आणि आकाशवाणीच्या निवेदनात ती आढळते, परंतु तिच्या तारखेने वाढदिवस करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

खडू_डस्टर

एवढे सगळे वाचून माझी वही मी पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला घेतली आहे. प्रत्येक नोंदीपुढे आता तीन रकाने आखले आहेत : तारीख, तिथी, आणि ‘कशावरून’. तिसरा रकाना भरत नसेल ती नोंद फळ्यावर जाणार नाही. पहिल्या फेरीत अकरा नोंदी गळाल्या, त्यांपैकी चार मी आठ वर्षे न चुकता लिहीत होतो.

त्या निवृत्त शिक्षकांना काल हा धागा छापून दिला. त्यांनी तो बाकावर बसून संपूर्ण वाचला आणि १ मे १९६० समोर ‘कशावरून’ या रकान्यात काय लिहिणार, असे विचारले. राज्य त्या दिवशी अस्तित्वात आले हे कायद्यावरून, असे मी म्हणालो. ते म्हणाले, ‘कायद्यावरून हे बरोबर, पण हुतात्मा चौक आधी लिही.’ तर त्या दिवशीच्या फळ्याची पहिली ओळ ठरली आहे.

३ मेसाठी मात्र ‘पूर्ण लांबीचा पहिला कथापट, तिकीट काढून पाहणाऱ्यांसाठी’ एवढे सगळे मावेल असे बारीक अक्षर काढण्याचा सराव करतो आहे.